चाचणीचे दप्तर : कोणती नोंद राखावी, कोणती काढून टाकावी

खरिपाची मळणी आटोपून धान्य घरात आले, की शेतकऱ्याच्या खळ्यावरील गडबड ओसरते. परंतु गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या मेजावरील गर्दी नेमकी त्याच सुमारास वाढू लागते. हंगामात घेतलेल्या चाचण्यांच्या व प्रात्यक्षिकांच्या वह्या, वजनाच्या चिठ्ठ्या, माती परीक्षणाचे अहवाल, बियाण्याच्या पिशव्यांवरील खुणचिठ्ठ्या, फोनमध्ये काढलेली शेकडो छायाचित्रे आणि एकाच अहवालाचे तीन-चार मसुदे असा सारा पसारा त्याच्यापुढे येऊन पडतो. कपाट लहान असते, फोन भरलेला असतो आणि रब्बीचे काम तोंडावर आलेले असते.

अशा वेळी दोन प्रकारच्या चुका होतात. काही कार्यकर्ते काहीच टाकून देत नाहीत. त्यामुळे दोन वर्षांनी एखादा आकडा हवा असल्यास तो त्या ढिगात सापडत नाही व असून नसल्यासारखा होतो. दुसरे काही कार्यकर्ते अहवाल पाठवून झाला म्हणजे काम संपले असे समजून मागचे सर्व कागद रद्दीत देतात आणि फोनमधील माहिती पुसून टाकतात. ही दुसरी चूक अधिक हानिकारक होय. पहिल्या चुकीत केवळ वेळ जातो. दुसऱ्या चुकीत एक संपूर्ण हंगाम हातचा जातो.

यासाठी कोणती नोंद कायम राखावी, कोणती ठराविक मुदतीपर्यंत ठेवावी आणि कोणती निःशंकपणे काढून टाकावी, याचा विचार पद्धतशीरपणे करणे अगत्याचे आहे.

नोंदीचे तीन प्रकार

चाचणीच्या दप्तरातील कागद वरवर पाहता सारखेच दिसतात. परंतु त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार मूळ नोंदीचा. शेतात उभे राहून, डोळ्यांनी पाहून, मोजून किंवा वजन करून त्याच वेळी लिहिलेली नोंद ती मूळ नोंद होय. प्रत्येक वाफ्याचे दाण्याचे वजन, पेरणीची तारीख, उगवलेल्या रोपांची संख्या, शेतावरील पर्जन्यमापकात मोजलेला पाऊस, रोग प्रथम दिसला तो दिवस, या सर्व मूळ नोंदी आहेत.

दुसरा प्रकार साधित नोंदीचा. मूळ नोंदीवरून हिशेबाने काढलेले सरासरी उत्पन्न, हेक्टरी क्विंटल, शेकडा वाढ, खर्च-उत्पन्नाचा ताळेबंद हे सर्व आकडे साधित आहेत. मूळ नोंद हाती असेल तर साधित आकडा केव्हाही पुन्हा काढता येतो. मात्र साधित आकड्यावरून मूळ नोंद परत मिळवता येत नाही. दळलेल्या पिठावरून दाणा कोणत्या वाणाचा होता हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

तिसरा प्रकार प्रतींचा. एकाच तक्त्याच्या अनेक प्रती, अहवालाचे मसुदे, वरिष्ठ कार्यालयाकडून आलेली व तेथेही उपलब्ध असलेली परिपत्रके, एकाच वाफ्याची एकाच कोनातून काढलेली दहा छायाचित्रे ही या प्रकारात येतात.

कोणताही कागद हातात आला, म्हणजे कार्यकर्त्याने स्वतःला पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत :

१. ही नोंद आज नाहीशी झाली, तर ती पुन्हा मिळवता येईल काय?
२. ही नोंद नसेल, तर काढलेला निष्कर्ष दुसऱ्या कोणास तपासून पाहता येईल काय?
३. हीच नोंद अन्य जबाबदार ठिकाणी सुरक्षित आहे काय?
४. ही नोंद ठेवल्याने किंवा उघड झाल्याने कोणाचे नुकसान होण्यासारखे आहे काय?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आल्यास ती नोंद राखलीच पाहिजे. शेतीच्या बाबतीत या नियमाचे महत्त्व विशेष आहे. प्रयोगशाळेतील परीक्षण फसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. यंदाचा पाऊस, यंदाचा खंड आणि यंदाची कीड मात्र पुन्हा त्याच रीतीने येणार नाही. हंगामाची मूळ नोंद हरवली म्हणजे तो हंगाम पुन्हा मोजता येत नाही.

राखलेल्या व हरवलेल्या नोंदी

या नियमाची सत्यता पटविणारी दोन उदाहरणे कृषिविज्ञानाच्या इतिहासात आहेत.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ साली ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा खतप्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. तेथे दरवर्षी प्रत्येक वाफ्याचे उत्पन्न नोंदविण्यात आलेच, शिवाय दाणा, काड व माती यांचे नमुनेही बाटल्यांत बंद करून ठेवण्यात आले. आज त्या संग्रहात तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. या नोंदींचा पुढे कोणता उपयोग होईल, हे त्या वेळी सांगणे कोणासही शक्य नव्हते. १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ त्या साठलेल्या आकड्यांचा अभ्यास करण्यासाठी रॉथॅमस्टेडला आले. तेथील कामातून त्यांनी शेतीप्रयोगांच्या मांडणीची व विश्लेषणाची जी पद्धत घडविली, तीच आज आपल्या कृषी विद्यापीठांतही वापरली जाते. त्यानंतर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १८४४ पासूनच्या जुन्या गव्हाच्या नमुन्यांतून रोगकारक बुरशींचे अंश ओळखण्यात आले. गव्हावरील दोन बुरशींचे परस्पर प्रमाण दीड शतकात कसकसे बदलत गेले आणि हवेतील गंधकयुक्त वायूच्या प्रदूषणाशी त्याचा कसा संबंध होता, हे त्यावरून दिसून आले. लॉज आणि गिल्बर्ट यांच्या काळी असे परीक्षण करण्याचे साधनच अस्तित्वात नव्हते.

दुसरे उदाहरण ग्रेगोर मेंडेल यांचे. वाटाण्यावरील त्यांच्या प्रयोगांचा निबंध १८६६ साली छापला गेला व त्यावर पुढे आनुवंशशास्त्राची उभारणी झाली. परंतु १८८४ साली त्यांचे निधन झाल्यानंतर प्रयोगांच्या मूळ टिपा मात्र टिकल्या नाहीत. १९३६ साली याच फिशर यांनी मेंडेल यांचे आकडे तपासले आणि ते अपेक्षित प्रमाणाशी जरुरीपेक्षा जास्त जुळतात असे दाखवून दिले. असे का झाले असावे, यावर तेव्हापासून विद्वानांत वाद चालू आहे. मूळ वही हाती असती, तर तो पुष्कळसा मिटला असता. निष्कर्ष बरोबर असूनही त्याच्या कर्त्याकडे संशयाने पाहिले जाते, ते केवळ मूळ नोंद उरली नाही म्हणून.

आपल्या देशातही कोईमतूर येथे १९०९ सालापासून कायम खतप्रयोग चालू आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली निरनिराळ्या राज्यांत दीर्घकालीन खतप्रयोग सुरू केले, आणि अकोला व परभणी येथील कृषी विद्यापीठांतही असे प्रयोग चालतात. वर्षानुवर्षे केवळ नत्रयुक्त खत दिल्यास उत्पन्न घसरत जाते आणि संतुलित रासायनिक खतांबरोबर शेणखत दिल्यास ते टिकून राहते, ही गोष्ट या प्रयोगांवरून सिद्ध झाली. एक-दोन वर्षांच्या आकड्यांवरून ती दिसली नसती. प्रत्येक वर्षाचा, प्रत्येक वाफ्याचा आकडा राखून ठेवला, म्हणूनच ती दिसली.

एका चाचणीचा हिशेब

गावातील चाचणी लहान असते. तेव्हा तिच्या नोंदींना एवढे महत्त्व कशासाठी द्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढील उदाहरणावरून मिळेल. हे उदाहरण समजुतीसाठी रचलेले आहे. परंतु असे प्रसंग कार्यकर्त्यांच्या नेहमीच्या अनुभवातील आहेत.

समजा, एका गावातील सहा शेतांवर सोयाबीनची चाचणी घेतली. प्रत्येक शेतात एका भागात रुंद वरंबा-सरी पद्धतीने, जिला गावोगाव बीबीएफ या नावाने ओळखतात, पेरणी केली व शेजारच्या भागात नेहमीप्रमाणे सपाट पेरणी केली. काढणीच्या वेळी दोन्ही भागांत १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा वाफा आखून दाणे तोलले. वजने किलोमध्ये पुढीलप्रमाणे आली :

शेत १ : रुंद वरंबा ९.०, सपाट ८.०
शेत २ : रुंद वरंबा ९.६, सपाट ८.४
शेत ३ : रुंद वरंबा ८.८, सपाट ७.८
शेत ४ : रुंद वरंबा १०.२, सपाट ९.०
शेत ५ : रुंद वरंबा ४.४, सपाट ६.८
शेत ६ : रुंद वरंबा ९.०, सपाट ८.०

वाफ्याचे क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग आहे. म्हणून वाफ्याच्या वजनास २०० ने गुणले असता हेक्टरी उत्पन्न मिळते. रुंद वरंब्याची सरासरी ८.५ किलो, म्हणजे हेक्टरी १७ क्विंटल. सपाट पेरणीची सरासरी ८.० किलो, म्हणजे हेक्टरी १६ क्विंटल. फायदा हेक्टरी एक क्विंटल.

कार्यकर्त्याने एवढीच सरासरी ठेवून सहा शेतांची वजने टाकून दिली, तर पुढील वर्षी वाचणाऱ्यास असे वाटेल की, या पद्धतीने सर्वत्र थोडासाच लाभ होतो. यंत्राच्या भाड्याचा खर्च कशास करावा? ही समजूत चुकीची ठरेल. कारण पाच शेतांवर वाफ्यामागे १.० ते १.२ किलो, म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल किंवा त्याहून थोडा अधिक लाभ झालेला आहे.

याउलट, पाचव्या शेताचा आकडा ‘बिघडलेला’ समजून त्याने तो काढून टाकला, तर सरासरी फायदा हेक्टरी २.१६ क्विंटल दिसेल. अहवाल देखणा होईल. परंतु तो वाचून पाचव्या शेतासारखी जमीन असलेला शेतकरी हीच पद्धत त्याच रीतीने करील आणि हेक्टरी जवळजवळ पाच क्विंटलांचा तोटा सोशील.

आता पाचव्या शेताच्या मूळ वहीत पेरणीनंतर लिहिलेला शेरा पाहावा : ‘जमीन हलकी, मुरमाड, उताराची. ट्रॅक्टर वळविण्याच्या सोयीसाठी सऱ्या उताराच्या दिशेने पाडल्या. पहिल्या मोठ्या पावसात वरंब्याची माती वाहिली, बियाणे उघडे पडले, रोपे विरळ.’ या चार ओळींत सर्व उलगडा आहे. सऱ्या उताराला आडव्या पाडावयास हव्या होत्या. त्या उताराच्या दिशेने पडल्याने पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहिले. सहा शेतांपैकी सर्वांत उपयुक्त धडा ज्या शेताने दिला, त्याचाच आकडा पुसला जाण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

येथे आणखी एक अडचण येते. त्या शेताचा मालक कार्यकर्त्यास म्हणेल, “साहेब, माझं शेत यादीतून काढा. गावात हसं होईल.” कार्यकर्त्याने त्याची भावना ओळखावी, पण आकडा काढू नये. त्याने शांतपणे सांगावे, “तात्या, नाव कुठंही छापत नाही. पण तुमच्या शेतानं जे शिकवलं ते बाकीच्या पाच शेतांनी शिकवलेलं नाही. तो आकडा राहू द्या.” नाव वगळता येते व वगळावेही, निष्कर्ष मात्र वगळता येत नाही.

पीक कापणी प्रयोगांत यदृच्छ पद्धतीने निवडलेला वाफा पीक विरळ दिसते म्हणून बदलता येत नाही, त्यामागील तत्त्व हेच आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी नमुना पद्धतीने उत्पन्न मोजण्याचे शास्त्र आपल्या देशात रुजविण्याचे मोठे काम केले. या दोघांनी कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला व आजही अभ्यासिला जातो.

कायम राखावयाच्या नोंदी

प्रत्येक चाचणीसाठी पुढील नोंदी कायम राखाव्यात. त्या सर्व मिळून एका पातळ फाइलीत मावतात.

१. चाचणीचा हेतू व मांडणी : कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे होते, कोणत्या भागात काय केले व तुलनेचा भाग कोणता.
२. शेताचा हातनकाशा : उत्तर दिशा, उताराची दिशा, बांध, विहीर, झाडाची सावली व वाफ्यांच्या जागा यांसह.
३. जमिनीचा प्रकार, खोली व माती परीक्षणाचा अहवाल. नमुना घेतल्याची तारीख आणि खोली यांसह.
४. वाण, बियाण्याचा गट क्रमांक, बीजप्रक्रिया, पेरणीची तारीख व अंतर.
५. खते, औषधे व पाणी : प्रत्येकाची मात्रा, तारीख व कारण.
६. शेतावर मोजलेला पाऊस व पावसातील खंड.
७. प्रत्येक वाफ्याचे स्वतंत्र वजन, वाफ्याचे माप आणि दाण्यातील ओलावा.
८. कीड, रोग, गुरांनी केलेले नुकसान, यंत्राचा बिघाड यांविषयीचे त्याच दिवशी लिहिलेले शेरे.
९. अंतिम अहवालाची एक प्रत व त्यातील आकडे कसे काढले याची टीप.

यांपैकी ओलाव्याची नोंद पुष्कळदा वगळली जाते. तिचे महत्त्व एका हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या वाफ्यातून ९.० किलो दाणे आले व त्यात १८ टक्के ओलावा असला, तर ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळविल्यावर सुमारे ८.४ किलोच भरतील. ०.६ किलोचा हा फरक वरील चाचणीतील दोन पद्धतींच्या सरासरी फरकाहूनही मोठा आहे. म्हणजे एका भागाचे वजन ओले व दुसऱ्याचे वाळलेले घेतले गेल्यास सर्व निष्कर्ष उलटू शकतो. ओलाव्याची नोंद नसलेले वजन राखूनही त्याचा उपयोग अर्धाच होतो.

ठराविक मुदतीपर्यंत ठेवावयाच्या नोंदी

काही कागद कायम राखण्याची आवश्यकता नसते. परंतु ते लगेच टाकणेही योग्य नव्हे. वाहतूक, मजुरी व निविष्ठांच्या पावत्या लेखापरीक्षण पूर्ण होऊन आक्षेपांचा निपटारा होईपर्यंत ठेवाव्यात. पीक विमा किंवा नुकसानभरपाईशी संबंध असलेली नोंद त्या प्रकरणाचा अंतिम निकाल लागेपर्यंत हलवू नये. हिशेबाचे कच्चे कागद अंतिम अहवाल तपासून मान्य होईपर्यंत ठेवावेत. धान्याचे व मातीचे राखीव नमुने परीक्षणाचा अहवाल हाती येऊन त्याविषयी शंका उरली नाही, म्हणजे काढता येतात.

फाइलीच्या दर्शनी पानावर ‘अमुक तारखेनंतर तपासावे’ असा शेरा आजच लिहून ठेवावा. तसे न केल्यास मुदतीचा कागद कायमचा होऊन बसतो.

काढून टाकण्यास हरकत नसलेल्या नोंदी

अहवालाचे जुने मसुदे, एकाच तक्त्याच्या जादा प्रती, बैठकीच्या सूचना, दुसरीकडे सहज मिळणारी परिपत्रके व पत्रके काढून टाकावीत. छायाचित्रांच्या बाबतीत कठोर निवड करावी. प्रत्येक वाफ्याची उगवण, फुलोरा आणि काढणी अशा तीन अवस्थांतील एकेक स्पष्ट छायाचित्र व रोग-किडीचे विशेष छायाचित्र पुरेसे असते. तारीख, शेत व वाफा यांचा उल्लेख नसलेले छायाचित्र कितीही सुंदर असले, तरी पुरावा म्हणून निरुपयोगी होय.

महसूल मंडळाच्या पातळीवरील पर्जन्याचे आकडे महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांकडून उपलब्ध होतात. त्यांच्या संपूर्ण याद्या साठविण्याची जरुरी नाही. हिशेबात वापरलेले आकडे, केंद्राचे नाव व ते आकडे घेतल्याची तारीख एवढे लिहून ठेवले म्हणजे पुरे. शेतावरील पर्जन्यमापकाची वही मात्र जगात दुसरीकडे कोठेही नसते. ती राखलीच पाहिजे.

चूक आढळल्यास काय करावे

आकडा चुकीचा वाटला, म्हणून तो खोडरबराने पुसू नये किंवा संगणकातील तक्त्यात त्यावर दुसरा आकडा लिहू नये. वहीतील चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे तो वाचता येईल. बाजूस बरोबर आकडा, दुरुस्तीचे कारण, तारीख व सही घालावी. संगणकात मूळ तक्ता जसाच्या तसा ठेवून दुरुस्त तक्ता निराळ्या नावाने जतन करावा. तराजू सदोष होता किंवा गोणीचे वजन वजा करावयाचे राहिले अशा खऱ्या चुकीमुळे एखादा आकडा हिशेबातून वगळावा लागल्यास तसे अहवालात नमूद करावे. आकडा हिशेबातून वगळणे वेगळे व दप्तरातून नाहीसा करणे वेगळे. पहिले कधीकधी करावे लागते. दुसरे कधीही करू नये.

शेतकऱ्याची खासगी माहिती

चौथ्या प्रश्नाचा संबंध येथे येतो. प्रात्यक्षिकाच्या निमित्ताने शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, फोन क्रमांक, कर्जाची माहिती असा तपशील गोळा होतो. अनुदान देण्यासाठी त्याची गरज असेल. चाचणीचा निष्कर्ष तपासण्यासाठी ती नसते. म्हणून ही माहिती चाचणीच्या फाइलीत ठेवू नये. चाचणीच्या नोंदीत शेतास क्रमांक द्यावा आणि क्रमांक व नाव यांची यादी स्वतंत्र, कुलपात ठेवावी. आधारपत्राची छायाचित्रे कार्यकर्त्याच्या फोनमध्ये वा गटसंदेशांत पडून राहणे धोक्याचे आहे. ज्या कामासाठी ती घेतली ते काम कार्यालयात पूर्ण झाल्याची खात्री होताच ती फोनमधून काढून टाकावीत. २०२३ साली केंद्र शासनाने अंकीय स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायदा केला आहे. परंतु कायदा नसता, तरीही शेतकऱ्याने विश्वासाने दिलेली माहिती जपणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्यच ठरले असते.

नोंदी जपण्याची रीत

राखावयाचे ठरविले, तरी ते योग्य रीतीने न राखल्यास श्रम वाया जातात. वाळवी, कसर, उंदीर, ओल आणि विस्मरण हे दप्तराचे शत्रू होत. फाइली जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नयेत. लोखंडी कपाटात, वीतभर उंचीवर ठेवाव्यात व पावसाळ्यापूर्वी आणि नंतर उघडून पाहाव्यात.

वजनकाट्यातून निघणाऱ्या छापील चिठ्ठ्यांविषयी विशेष दक्षता घ्यावी. त्यांचा कागद उष्णतेने छापला जाणारा असल्यास त्यावरील अक्षरे काही महिन्यांत फिकी पडून नाहीशी होतात. असा आकडा त्याच दिवशी शाईने वहीत उतरून घ्यावा व चिठ्ठीचे छायाचित्र काढावे.

फोन म्हणजे कपाट नव्हे. तो हरवतो, बिघडतो, बदलला जातो. मूळ वही, कार्यालयातील संगणकावरील प्रत आणि निराळ्या ठिकाणी ठेवलेली तिसरी प्रत अशी व्यवस्था असावी. संगणकातील फाइलीचे नाव वर्ष, हंगाम, गाव, पीक व चाचणी या क्रमाने द्यावे. ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम दुरुस्त’ अशी नावे सहा महिन्यांनी ती देणाऱ्यालाही समजत नाहीत.

प्रत्येक फाइलीच्या आरंभी अर्ध्या पानाची ओळख लिहावी : चाचणी काय होती, संक्षेपांचा अर्थ काय, वजन किलोत की ग्रॅममध्ये, क्षेत्र गुंठ्यांत की चौरस मीटरमध्ये. कार्यकर्त्याची बदली होते, दप्तर तेथेच राहते. नव्याने येणाऱ्या कार्यकर्त्यास कोणाला न विचारता फाइल समजली पाहिजे.

नाश करण्याची रीत

शासकीय योजनेखालील चाचणीचे दप्तर हा सार्वजनिक अभिलेख आहे. तो कोणा एका कार्यकर्त्याची मालमत्ता नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आणि कार्यालयातील अ, ब, क, ड या वर्गीकरणाचे नियम यांस अनुसरूनच अशा कागदांचा नाश करता येतो. म्हणून आपल्या मर्जीने काहीही रद्दीत देऊ नये. काढावयाच्या कागदांची यादी करून कार्यालयप्रमुखाची लेखी मान्यता घ्यावी. त्या यादीत विषय, वर्ष, वर्गीकरण, नाश करण्याचे कारण व तारीख एवढे रकाने असावेत. कागद गेले, तरी ही यादी राहते. त्यामुळे पुढे कोणी चौकशी केल्यास कागद हरवला की विचारपूर्वक काढला, हे सांगता येते.

निवडीचे हे काम एकट्याने करू नये. ज्याने नोंदी केल्या तो कार्यकर्ता व त्या न केलेला दुसरा कोणी असे दोघे बसले, म्हणजे एकाचे ममत्व व दुसऱ्याचे अज्ञान परस्परांना आवर घालतात. एखाद्या कागदाविषयी दोघांत एकमत न झाल्यास तो एक वर्ष ठेवून पुन्हा विचार करावा.

शेतकऱ्याची स्वतःची वही

हा विषय केवळ कार्यालयापुरता नाही. ज्याच्या शेतावर चाचणी झाली, त्या शेतकऱ्याकडे तिच्या नोंदीची एक प्रत असलीच पाहिजे. जमीन त्याची, श्रम त्याचे आणि जोखीमही त्याचीच असते. शेतकऱ्यानेही एक साधी वही ठेवावी. प्रत्येक शेतास दोन पाने द्यावीत. त्यांत पेरणीची तारीख, वाण, दिलेले खत, पावसाचा मोठा खंड, झालेले उत्पन्न आणि विशेष घडलेली गोष्ट एवढेच लिहावे. किरकोळ खर्चाच्या चिठ्ठ्या वर्षअखेरीस बेरीज मांडून टाकता येतील. माती परीक्षणाचे अहवाल व ही वही मात्र जपून ठेवावी. पाच-सहा वर्षांची अशी पाने एकापुढे एक उघडली, म्हणजे कोणत्या शेतात कोणते वाण कोणत्या पावसास टिकले, हे घरातच समजते. मुलाच्या हाती शेती सोपविताना सातबारा उताऱ्याबरोबर ही वहीही सोपविण्यासारखी आहे.

यंदाच्या हंगामाचे काम

रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर प्रत्येक कार्यकर्त्याने एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा. प्रथम मूळ नोंदी वेगळ्या काढाव्यात व त्या अपुऱ्या असल्यास शेतकऱ्याची आठवण ताजी आहे तोवर विचारून पुऱ्या कराव्यात. अशा मागाहून लिहिलेल्या ओळींपुढे ‘मागाहून’ असे नमूद करावे. नंतर मुदतीच्या कागदांवर तारीख घालावी. शेवटी जादा प्रतींची यादी करून ती मान्यतेसाठी सादर करावी. एखाद्या आकड्याने चाचणीचा निकाल कमी दिसतो, एवढ्याच कारणासाठी तो काढण्याचा मोह झाला, तर तो आकडा दप्तरात राहील याची सर्वांत अगोदर तजवीज करावी. पुढील जूनमध्ये उताराच्या मुरमाड जमिनीवर पेरणीस निघालेला शेतकरी सल्ला विचारावयास येईल, तेव्हा त्याला खरे उत्तर त्याच आकड्यावरून देता येईल.